ठकठककाका आणि इंजिनावरची पाच बोटं

ठकठककाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या कानाशी एक कलिंगड होतं. झाशीच्या सीपरी बाजारात, उन्हाळ्यातल्या एका सकाळी, हे उंच सडपातळ म्हातारे गृहस्थ हातगाडीवरचं एकेक कलिंगड उचलत, कानाशी नेत, वाकवलेल्या बोटाने ठकठक वाजवत आणि मान हलवून परत ठेवून देत. गाडीवाला कपाळाला हात लावून बसला होता. मागे उभी राहून माझे पाय दुखायला लागले, तशी मी मराठीत स्वतःशीच पुटपुटले, "या माणसाला कलिंगड घ्यायचंय की तबला?" म्हातारे सावकाश वळले. "तबला घरी आहे बेटा," ते स्वच्छ मराठीत म्हणाले, "आज कलिंगडच घ्यायचंय. हे घे, याचा आवाज चांगला आहे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्याच क्षणी डोळ्यांत पाणीही आलं. साताऱ्याकडून लग्न होऊन आले होते, आमचे हे फौजेत, बदली झाशीजवळच्या बबीन्याला. चार महिन्यांत नवऱ्याखेरीज कुणाच्या तोंडून मराठी ऐकली नव्हती. मी कलिंगड पोटाशी धरून भर बाजारात रडतेय म्हटल्यावर काका घाबरले. त्यांनी मला टांग्यात घातलं आणि सरळ घरी नेऊन काकूंच्या स्वाधीन केलं. "ही आपल्याकडची आहे," एवढीच माझी ओळख करून दिली. तेवढी पुरली.

काकांचं खरं नाव चांगलं भारदस्त होतं, पण झाशीतली मराठी घरं त्यांना ठकठककाकाच म्हणत. सगळी नोकरी त्यांनी रेल्वेत काढली होती. स्टेशनात गाडी येऊन थांबली की लांब दांड्याचा हातोडा घेऊन डब्यांच्या कडेने चालायचं आणि प्रत्येक चाकावर ठोका मारून ऐकायचं. चाक धड असेल तर खणखणीत वाजतं, कुठे तडा गेलेला असेल तर बद्द आवाज येतो. निवृत्त होताना हातोडा सरकारजमा झाला, सवय मात्र त्यांनी घरी आणली. मडकं, नारळ, भिंतीचा गिलावा, नव्या पलंगाची फळी, काही म्हणून सुटत नसे. आमचे हे पहिल्यांदा त्यांच्या पाया पडले तेव्हा आशीर्वाद द्यायच्या आधी काकांनी त्यांची पाठ वाजवली. "ठीक आहे. फौजेने चांगला सांभाळलाय," म्हणाले.

"आधी वाजवून घ्यावं, मग विश्वास ठेवावा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यावर काकूंचंही उत्तर ठरलेलं. "मला बघायला आले तेव्हा अगदी गपचूप बसून होते. सासूबाईंनी हात धरून ठेवला असणार." काकू बुटक्या, गोऱ्या, बोलायला तिखट. दोघांची घराणी कित्येक पिढ्यांपूर्वी दक्षिणेतून इकडे आलेली. त्यांच्या बोलण्यात हिंदी जागोजाग मिसळलेलं, पण मधूनच असा एखादा जुना शब्द यायचा की मी बघत राहायचे. दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याला बाहेर जावं लागेल एवढ्याशा स्वयंपाकघराला काकू 'मुदपाकखाना' म्हणत. त्या मुदपाकखान्यात एक स्टोव्ह होता आणि एक मोडका पाट.

घरात ऐट म्हणावी अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे काकांची काळी मोटार. कुणा साहेबाने झाशी सोडताना जुनीपानी म्हणून विकलेली. पण तिच्यावर मालकी एकट्या काकांची नव्हतीच. कुणाची लेक माहेरपणाला आली, कुणाचा म्हातारा दवाखान्यात न्यायचा झाला, की काकांच्या दारात निरोप यायचा. आणि ही मोटार चालती ठेवण्याचं काम होतं सीपरी बाजारातल्या रामदीन मिस्त्रीचं.

रामदीन म्हणजे बढायांचं पोतं. "जे हाथ जा गाड़ी पे धर दें, सो बोलन लगे," असं म्हणून तो काळेकुट्ट हात पुढे करी. फौजेचे ट्रक म्हणे त्याच्या नुसत्या शिव्यांनी सुरू होत. काका रोज संध्याकाळी त्याच्या दुकानापुढे एका उलट्या डब्यावर बसून चहा पीत आणि या सगळ्या बाता ऐकत. एकीवरही त्यांचा विश्वास नसे, पण एक दिवस चुकला तर त्यांना करमत नसे. "इसकी जबान बद्द है, हाथ खणखणीत," असं त्याच्या तोंडावर म्हणत, आणि रामदीन ते कौतुक समजून आणखी एक चहा मागवी.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला मला सातवा महिना होता. आमच्या ह्यांना सरावासाठी लांब जावं लागलं, तेव्हा काकूंनी मला बबीन्याहून आपल्या घरी आणलं. मिलिटरी हॉस्पिटल झाशीतच असलं तरी शहराच्या दुसऱ्या टोकाला. "टांग्यात नाही नेणार," काकांनी ह्यांना शब्द दिला, "आमच्या मोटारीतून नेईन." शब्द दिला खरा, पण मोटारीचं इंजिन तेव्हा अखेरच्या घटका मोजत होतं. सुरू करताना दोनदा खोकायचं, मग एक शिंक, मग निळा धूर, आणि चढ दिसला की बसकण. खंडेनवमीला काकूंनी नेहमीप्रमाणे त्याची पूजा केली. दर वर्षी हळदीकुंकू तेलात कालवून त्या इंजिनाच्या कुशीवर पाच बोटं ओढत. तिथे हाताएवढी सपाट जागा होती, तीच त्यांना सोयीची. जुनी बोटं पुसायची नाहीत, त्यावरच नवी ओढायची. उष्णतेने भाजून भाजून तिथे चांगली जाड खपली धरली होती. रामदीनलाही ताकीद होती की काहीही धू, पण ती जागा धुवायची नाही. त्या वर्षी काकू म्हणाल्या, "भरल्या ओटीची बाई घरात आहे, बोटं तीच ओढेल." मी ओढली. माझी करंगळी जन्माची वाकडी, त्यामुळे पाचवी रेघ भलतीकडेच गेली.

दिवाळी झाल्यावर इंजिन सुरूच होईना. काकांनी एक रात्र विचार केला आणि सकाळी रामदीनला सांगितलं, "दूसरा इंजन डाल दे. बच्ची को अस्पताल ले जाना है." रामदीनने कुठल्याशा मोडीत निघालेल्या मोटारीचं चांगलं इंजिन मिळवलं. काही दिवसांनी गाडी दारात आणून उभी केली, किल्ली काकांच्या हातात दिली आणि हात उंचावून म्हणाला, "बदल दओ बाबूजी. अब लंदन तक चले जाओ." कुणीतरी दुकानावर खोळंबलं होतं म्हणून लगेच गेलाही.

काका वाजवल्याशिवाय कसे घेणार? त्यांनी बोनट उघडलं. काकू नि मी दोन्ही बाजूंनी वाकलो. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो काका, ही तर माझीच बोटं!"

इंजिनाच्या कुशीवर तीच खपली होती. वर खंडेनवमीच्या पाच ताज्या रेघा, आणि पाचवी, माझ्या करंगळीची, भलतीकडे गेलेली.

मग काकांनी बोट वाकवलं आणि इंजिन वाजवायला लागले. वरून वाजवलं, खालून वाजवलं, पान्याने वाजवलं. इंजिन म्हणजे काही आगगाडीचं चाक नव्हे, ते बिचारं काय सांगणार? शेवटी काका म्हणाले, "नंबर बघू. इंजिनाला नंबर असतो, कागदाशी ताडून पाहिला की झालं." नंबर कुठे असतो? तर त्या सपाट जागेवर. म्हणजे बरोबर काकूंच्या खपलीखाली. काकांनी पातं काढलं मात्र, काकू मधे उभ्या राहिल्या. "खबरदार! दिवस भरत आलेली पोर घरात आणि तुम्ही कुंकू खरवडणार?"

"अगं, नंबर बघायचाय फक्त."

"कुंकवाखालचा नंबर बघायची काही जरूर नाही. त्या रामदीनला विचारा."

"विचारलंय. तो म्हणाला बदललं. खोटं बोलला असेल तर परत खोटंच सांगेल. आणि खरं बोलला असेल तर..." काका थांबले. खरं असेल तर पुन्हा विचारणं म्हणजे त्याला खोटारडा म्हणणं, हे त्यांच्याही लक्षात आलं. त्यांनी बोनट बंद केलं.

त्या दिवसापासून काका संध्याकाळी घरातच बसू लागले. चहा घरी घेत आणि अर्धा टाकून देत. एकदा मी ऐकलं, ते काकूंना सांगत होते, "इंजिनाचं एवढं नाही गं. पण पोरीला घेऊन निघायचं आणि ते वाटेत बंद पडलं तर? आणि इतकी वर्षं मी त्याच्याकडे बसतोय. तो मला असं करेल?" मला फार वाईट वाटलं. माझ्या बाळंतपणापायी या माणसाचा एकुलता एक मित्र जाणार की काय, असं वाटायला लागलं.

मग काकूंबरोबर भाजीला गेले तेव्हा मी सरळ रामदीनच्या दुकानापुढे थांबले. आमच्या संशयाबद्दल चकार शब्द काढला नाही. नुसतं विचारलं, "मिस्त्रीजी, पुराना इंजन कहाँ गया?" तो उत्साहाने म्हणाला, "बरुआसागर में है बिटिया. एक काछी के कुआँ पे पानी खींच रओ." मग जरा आवाज उतरवून, "बाबूजी की तबियत तो ठीक है? चाय पे नईं आ रए." मी म्हटलं, सर्दी झालीय.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं झाशीबाहेरच्या बरुआसागरला निघालो. मी यायला काकूंचा विरोध होता, पण माझी बोटं मीच ओळखणार, असं म्हणून मी आधीच मागे जाऊन बसले. गंमत म्हणजे आम्ही जिच्यावर संशय घेतला होता त्याच मोटारीतून निघालो होतो. ती एका दमात सुरू झाली. चढ आला, न खोकता चढली. काकू म्हणाल्या, "बघा, कशी पळतेय." काका म्हणाले, "साफसफाई केली असेल." आणखी एक चढ आला, तोही चढली. काकांचा चेहरा जरा सैल झाला.

बरुआसागरला तलावामागच्या वाड्यांमध्ये विचारत विचारत आम्ही त्या काछ्याच्या, म्हणजे माळ्याच्या, आल्याच्या शेताशी पोचलो. मोटार थांबवली आणि विहिरीकडून आवाज आला. दोनदा खोकला. मग एक शिंक. मग निळा धूर.

"अगंबाई!" काकूंनी तोंडावर हात ठेवला. "हे तर आपलंच!"

विटांच्या चौथऱ्यावर आमचं जुनं इंजिन धापा टाकत पाणी ओढत होतं. काका चिखलातून जवळजवळ धावतच गेले. मालकाने ते बंद केलं, काकांनी वाकून पाहिलं. कुशीवरची सपाट जागा लख्ख होती आणि तिच्यावर नंबर स्पष्ट दिसत होता, आमच्या गाडीच्या कागदावरचाच. त्या सगळ्या मळकट इंजिनावर तेवढीच जागा स्वच्छ. तव्यावरून भाकरीचा पापुद्रा उचलावा तशी कुणीतरी ती खपली अखंड उचलून नेली होती.

आम्हाला उलगडायला वेळ लागला नाही. रामदीनने पातळ पात्याने ती खपली सोडवली होती, आणि सांधे चिकटवायची लाख लावून नव्या इंजिनावर तिथल्या तिथे बसवली होती. काकूंनी पदर डोळ्यांना लावला. "धुवायची नाही म्हणून सांगितलं होतं ना मी त्याला," एवढंच म्हणाल्या. काकांनी जुन्या इंजिनावर हात ठेवला. वाजवलं नाही, नुसता ठेवला. शेतवाल्याने आमची ही सगळी भक्ती पाहिली, आणि जाताना आल्याचे हिरवे गड्डे पानामातीसकट मोटारीत आणून टाकले.

परत येताना काकांनी मोटार घरी न आणता रामदीनच्या दुकानापुढेच उभी केली. उतरून आपल्या डब्यावर जाऊन बसले. "चाय मंगा," म्हणाले, जसं काही मधले दिवस झालेच नव्हते. रामदीन खूश झाला. मग त्याची नजर मागच्या सीटवर गेली. आल्याची पानं, चाकांना ओली काळी माती. त्याचा चेहरा हळूहळू बदलला.

"बरुआसागर हो आए, बाबूजी?"

काका चहात बघत राहिले.

"बजा आए?"

"नहीं," काका म्हणाले. "बजाने की जरूरत नहीं पड़ी."

रामदीनने पाना खाली ठेवला. म्हणाला, "हमसे पूछ लेते. हमने जान के नईं बताओ. अम्माजी की पूजा हमने अपने हाथ से उखाड़ी, जे कोऊ अच्छी बात है? सोची, जैसी हती वैसी धर दो, उने पता नईं चले." मग काकूंकडे वळून, "नहा-धोके उखाड़ी ती अम्माजी. जूता बाहर उतार के."

काका उठले. तो नको नको म्हणत असताना त्याचा तो काळाकुट्ट हात त्यांनी दोन्ही हातांत धरला. "रामदीन, मुझसे गलती हुई. तेरा काम अब कभी खोल के नहीं देखूँगा." रामदीनने नाक ओढलं, हात सोडवून घेतला आणि चहावाल्याला ओरडला, "काए रे, चाय में अदरक डार! बाबूजी बरुआसागर से लाए!" त्याच संध्याकाळी त्याने साऱ्या बाजाराला सांगून टाकलं की त्याचं काम बघायला लोक बरुआसागरपर्यंत जातात.

काकांनी दिलेला शब्द मोटारीने पाळला. भर दुपारी माझ्या पोटात कळा सुरू झाल्या, मोटार पहिल्या किल्लीला सुरू झाली आणि कुठेही न कुरकुरता तिने मला हॉस्पिटलात पोचवलं. मुलगी झाली. काकांनी तिला हातात घेतलं, इकडेतिकडे पाहिलं आणि तिच्या तळव्यावर बोटाने हळूच टकटक केलं. ती किंचाळली. "खणखणीत!" काका म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. काकूंना स्वतःचं मूल नव्हतं, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

पुढे आमची बदली झाली. निघायच्या दिवशी काका स्टेशनावर आले आणि जुन्या ओळखीवर कुणाचा तरी हातोडा मागून घेऊन आमच्या डब्याची चाकं त्यांनी स्वतः वाजवली. रामदीन फलाटावरून ओरडत होता, "बाबूजी, छूट जैहै गाड़ी!" गाडी सुटली तरी चाकांचा आवाज ऐकत काका मान एका बाजूला कलती करून उभे होते. आमची मुलगी आता स्वतःच्या संसारात आहे, पुण्याच्या मंडईत कलिंगड वाजवून घेते, आणि लोक तिच्याकडे बघून हसतात.

काकांना मी शेवटची भेटले ती त्यांच्या आजारपणात. मी पोचले तेव्हा डॉक्टर आलेले होते. काकू पायथ्याशी, रामदीन उशाशी स्टुलावर. त्याचेही केस पिकले होते. डॉक्टरांनी काकांच्या छातीवर एक हात पसरला आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने ते वाजवू लागले. ठकठक. ठकठक. काकांनी डोळे मिटले, मान एका बाजूला कलती केली आणि ऐकू लागले. वरच्या बाजूला आवाज बरा होता. उजवीकडे खाली आल्यावर बदलला. बद्द. खोलीतल्या सगळ्यांनी तो ऐकला. काकांच्या घरात इतकी वर्षं वावरलेल्याला तो कळणारच होता.

"ठीक है बाबूजी, दवा लिख देता हूँ," म्हणून डॉक्टर काकूंना घेऊन बाहेर गेले. काकांनी डोळे उघडले आणि रामदीनकडे पाहिलं. "सुना?"

रामदीनने डोळे पुसले. पण तो बढाईखोर तो बढाईखोरच. "का सुनें बाबूजी? इंजन नओ धरो है. हमने खुद डारो. लंदन तक चले जाओ."

काका हसले आणि शर्टाची बटणं एकेक करून लावायला लागले. "तू कहता है तो नया ही होगा," म्हणाले. "खोल के नहीं देखूँगा." आणि माझ्याकडे वळून, "बेटा, चहा टाक. आलं घाल जरा."

मी मुदपाकखान्यात गेले. आलं ठेचता ठेचता पदर तोंडात धरून रडून घेतलं. बाहेर ते दोघं कशावरून तरी खो खो हसत होते.